वेगमापकाला विष कशाला?
होडीच्या तळाशी बसवलेल्या चिमुकल्या चाकाच्या फेऱ्यांवरून पाण्यातील वेग कळतो. (उपग्रह सांगतो तो जमिनीच्या संदर्भातील वेग, प्रवाह त्यात मिसळलेला.) चाकावर शेवाळ, बार्नेकल बसले की ते मंदावते आणि वेग कमी दाखवते. यावर सर्रास दिला जाणारा ‘विषारी रंग फासा’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. ट्रायब्युटिल टिनच्या रंगांनी फ्रान्समधील आर्काशोंच्या खाडीतील कालवांची शेती बुडवली; १९८२ साली तेथे लहान होड्यांसाठी ते बंद झाले, २००८ साली आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. तांब्याचे रंगही निरुपद्रवी नव्हेत. त्यापेक्षा होडी नांगरली की चाक वर ओढून घ्यावे, भोकात बूच बसवावे. तेवढ्यात लोटाभर पाणी आत येते, म्हणून टाळाटाळ होते!