पराशराचा श्लोक आणि जैमिनीची कसोटी

धर्मशास्त्रात एकाच प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात, ही तक्रार आजची नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नियोगाला आधी परवानगी आहे आणि पुढच्याच श्लोकांत त्याची निंदा. गीता सोळाव्या अध्यायात शास्त्र प्रमाण मानायला सांगते आणि अठराव्यात सर्व धर्म सोडून शरण यायला. भाविकाला यात रहस्य दिसते, टीकाकाराला गोंधळ. मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. विरोध आढळल्यावर निकाल कोणत्या नियमाने लावायचा, आणि तो नियम निवडायचा कोणी? महाराष्ट्रात हा प्रश्न माणसांच्या आयुष्याला थेट भिडला तो विधवाविवाहाच्या वादात.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती. पण कायद्याची मान्यता वेगळी आणि पंक्तीला पान मिळणे वेगळे. ‘इंदुप्रकाश’चे विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीने १८६९ मध्ये मुंबईत पुनर्विवाह झाला आणि त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला. सुधारकांकडून विष्णुशास्त्री, सनातन्यांकडून नारायणाचार्य गजेंद्रगडकर. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला.

सुधारकांचा मुख्य आधार पराशरस्मृतीचा होता. तिच्या चौथ्या अध्यायात नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित झाला तर स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे सांगितले आहे. लगेच पुढे ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेला स्वर्ग सांगितला आहे, आणि त्यापुढे सहगमन करणारीला त्याहून मोठे फळ. सलग तीन श्लोकांत तीन वाटा! ईश्वरचंद्र विद्यासागरांनी यातली पहिली वाट उचलली, कारण पराशरस्मृती स्वतःला कलियुगाची स्मृती म्हणवते. विद्यासागरांचा तो ग्रंथ विष्णुशास्त्र्यांनी मराठीत आणला.

या श्लोकावरचे प्रमुख आक्षेप तीन. पहिला व्याकरणाचा. श्लोकात ‘पतौ’ असे रूप आहे. पाणिनीच्या नियमाने ‘पति’ शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ होते. ‘पतौ’ फक्त समासात चालते. म्हणून तेथे ‘अपतौ’ वाचा, म्हणजे जो अजून पुरता पती झालेला नाही असा, केवळ वाग्दान झालेला वर. मागच्या शब्दाशी संधी झाल्यावर त्यातला ‘अ’ लोपतो, उरतो अवग्रह. हा अवग्रह कानाला ऐकू येत नाही, आणि जुन्या पोथ्यांत तो बहुधा लिहीतही नसत. सुधारकांचे उत्तर असे की हा आर्ष प्रयोग आहे. उत्तर बरोबर आहे असे मला वाटते. पण एका न लिहिलेल्या चिन्हावर लाखो मुलींचे आयुष्य टांगले गेले, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

दुसरा आक्षेप युगाचा. चौदाव्या शतकातले भाष्यकार माधवाचार्य म्हणतात की ही परवानगी इतर युगांसाठी आहे. आधाराला कलिवर्ज्याची पुराणवचने. म्हणजे कलियुगासाठी सांगितलेल्या स्मृतीतला हा श्लोक कलियुगाला लागू नाही! विद्यासागरांनी येथे शास्त्राचाच क्रम पुढे केला: श्रुतीनंतर स्मृती, स्मृतीनंतर पुराण. पुराणाने स्मृती बाद होत नाही. तिसरा आक्षेप मनूचा. मनूशी विरोधी स्मृती आदरणीय नाही, असे बृहस्पतीचे वचन आहे.

हा नुसता शब्दच्छल होता, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मीमांसेने विरोध सोडवण्याची खरीखुरी साधने दिली आहेत. दोन श्रुतिवचने समान बळाची असतील तर विकल्प. सूर्योदयापूर्वी होम आणि सूर्योदयानंतर होम, दोन्ही धर्म्य. स्मृती श्रुतीशी विरोधी असेल तर श्रुती बलवान. आणि आणखी एक कसोटी आहे, जी मला सर्वांत मोलाची वाटते. जैमिनी सांगतो की जेथे ऐहिक हेतू दिसतो तेथे स्मृती प्रमाण नव्हे. शबरस्वामींचे उदाहरण यज्ञमंडपातले आहे. औदुंबराचा खांब सबंध वस्त्राने गुंडाळावा, असे एक स्मृती सांगते. शबर म्हणतात, कोणाला तरी ते वस्त्र हवे होते, त्या लोभातून हे वचन आले. कुमारिलांनी पुढे या कसोटीची धार बोथट केली, तरी ती ग्रंथात आहे.

विधवेवरच्या निर्बंधांना ही कसोटी लावली तर? फायदा कोणाचा, हा प्रश्न एका बाईने विचारला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येसाठी झालेल्या शिक्षेवरून वृत्तपत्रांत स्त्रियांवर झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. बायको मेल्यावर पुरुषाला दुसरी करता येते, मग बाईलाच बंदी का, आणि ही शास्त्रे लिहिली कोणी, असे त्यांनी रोखठोक विचारले. त्यांनी जैमिनीचे नाव घेतलेले नाही. पण शबरांनी वस्त्राबद्दल जे विचारले, तेच त्यांनी वैधव्याबद्दल विचारले. १८७० च्या शास्त्रार्थात बोलायला ज्यांना जागाच नव्हती, त्यांच्यातून हा प्रश्न आला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

विधवाविवाहाला वेदांचा आधार आहे, असे सविस्तर मांडणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच विष्णुशास्त्र्यांनी मात्र १८७४ मध्ये विधवेशी विवाह केला. दोघांपुढे वचने तीच होती. वचन सापडल्याने आचरण ठरत नाही, एवढे यातून दिसते.

पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचा विचार करताना दाखवले की पूर्वी धर्म्य असलेल्या कितीतरी गोष्टी पंडितांनीच वर्ज्य ठरवल्या. म्हणजे धर्म बदलत आला आहे. त्याला मी एवढीच पुरवणी जोडेन. शास्त्रातला विरोध हा ग्रंथाचा दोष नव्हे. निवड माणसाने केली आहे याची ती खूण आहे. म्हणून कोणी ‘शास्त्र असे सांगते’ म्हणाले, की दुसरे वचन शोधण्याच्या आधी जैमिनीचा प्रश्न विचारावा: या वचनातून वस्त्र कोणाच्या घरी जाते?