उपचार, विरेचन आणि मर्ढेकरांची कविता

अ‍ॅरिस्टॉटलची विरेचनाची संकल्पना ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियाच्या उपचारपद्धतीला जोडली. तेव्हापासून कवितेलाही मनाचा निचरा मानण्याची सवय समीक्षेला जडली. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातील विच्छिन्न प्रतिमांवरून कवीच्या रुग्ण मनाचे निदान करणे सोपे असते. परंतु अशा निदानात रूपाचा प्रश्न सुटून जातो. मानसोपचार विस्कळीत दुःखाला सांगता येण्याजोगी संगती देऊन त्याचा भार हलका करू पाहतो. मर्ढेकर मात्र यंत्रयुगातील भग्नता ओवी-अभंगाच्या लयीत बांधतात आणि संतपरंपरेतील श्रद्धेची ती लय व श्रद्धा हरवलेला आशय यांतील ताण मिटू देत नाहीत. हा ताण म्हणजे रोगाचे लक्षण नव्हे. ती जाणीवपूर्वक केलेली रचना आहे. तिच्यातून वाचकाला मिळते ते दुःखाचे भान. दिलासा मिळेलच असे नाही.