‘समग्र विद्यार्थी’ आणि तेवीस कामे : अमेरिकेतील विद्यार्थिकल्याण-शिक्षणक्रमाचे परीक्षण

वसतिगृहे, समुपदेशन, शिस्त, आर्थिक साहाय्य, विद्यार्थिसंघ, नोकरीविषयक मार्गदर्शन इत्यादी वर्गाबाहेरील कामे पाहणारा एक स्वतंत्र व्यावसायिक वर्ग अमेरिकन महाविद्यालयांत विसाव्या शतकात उदयास आला. या वर्गाच्या तयारीसाठी तेथे सामान्यतः दोन वर्षांचा पदव्युत्तर शिक्षणक्रम असतो. इंडियाना, ओहायो स्टेट, बोलिंग ग्रीन या विद्यापीठांची नावे त्या संदर्भात विशेष घेतली जातात. या शिक्षणक्रमाचा साद्यंत इतिहास सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तो ज्या मोजक्या लेखनावर उभा आहे, ते लेखन काय म्हणते आणि त्यातून प्रत्यक्षात काय उचलले गेले, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

या लेखनात पहिला मान १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने प्रसिद्ध केलेल्या ‘द स्टुडंट पर्सोनेल पॉइंट ऑफ व्ह्यू’ या निवेदनाकडे जातो. छोटेखानी पुस्तिकाच ती. परंतु या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येकास पहिल्या सत्रात ती वाचावी लागते. तिचे प्रतिपादन असे की, शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याची केवळ बुद्धी न पाहता त्याचे समग्र व्यक्तित्व पाहावे : त्याची प्रकृती, भावना, सामाजिक संबंध, आर्थिक स्थिती, नीतिमूल्ये आणि व्यवसायाची निवड. जर्मन विद्यापीठांच्या अनुकरणाने अमेरिकन प्राध्यापक संशोधनाकडे वळला आणि विद्यार्थ्याच्या जीवनाशी त्याचा असलेला जुना संबंध तुटला, हे या निवेदनाचे ऐतिहासिक निदान आहे व ते बहुतांशी यथार्थ आहे.

परंतु निदानापुढचा भाग वाचू लागले म्हणजे वाचकास थबकावे लागते. ‘समग्र विद्यार्थी’ या कल्पनेचा गौरव करून झाल्यावर निवेदन एक यादी देते आणि या कार्यात अंतर्भूत होणारी तेवीस कामे क्रमवार सांगते. प्रवेशेच्छूंना संस्थेची माहिती देण्यापासून विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणे, आरोग्य, निवास व भोजनव्यवस्था, शिस्त, नोकरी मिळवून देणे येथपर्यंत सारे त्या यादीत आले आहे. तत्त्व अखंडतेचे आणि योजना विभागणीची, असा हा विसंवाद आहे. मानवी व्यक्तित्वाचे तुकडे करू नयेत असे म्हणणाऱ्या पुस्तिकेने त्या व्यक्तित्वाची सेवा मात्र तेवीस खिडक्यांवर वाटून दिली. निवेदनकर्त्यांना हे अभिप्रेत नसावे. या सर्व कामांचा परस्परांशी आणि अध्यापनाशी मेळ घालावा, असे त्यांनी आग्रहाने म्हटले आहे. तथापि ज्यांनी पुढे शिक्षणक्रम आखले त्यांच्या हाती यादी सोयीची पडली. यादीवरून विषय ठरविता येतात, पदे निर्माण करता येतात, अंदाजपत्रक मागता येते. १९४९ साली ई. जी. विल्यमसन यांच्या अध्यक्षतेखाली या निवेदनाची सुधारित आवृत्ती निघाली. महायुद्धानंतरच्या काळाची आणि लोकशाही व जागतिक सामंजस्य या ध्येयांची छाया तिच्यावर आहे. पण यादीची पद्धत तिनेही सोडली नाही.

यापूर्वीची स्थिती निराळी होती. लोइस किंबॉल मॅथ्यूज या विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘डीन ऑफ विमेन’ होत्या. १९१५ साली त्यांनी ‘द डीन ऑफ विमेन’ हा ग्रंथ लिहिला. बाई मूळच्या इतिहासाच्या अभ्यासक. न्यू इंग्लंडमधील वसाहतींच्या प्रसारावर त्यांचा ग्रंथ १९०९ सालचा आहे. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : विद्यार्थिनींची जबाबदारी घेणाऱ्या स्त्रीने प्रथम विदुषी असावे, तिला अध्यापकवर्गात स्थान असावे आणि तिने शिकवीत राहावे, एरवी तिला कोणी जुमानणार नाही. हॉवर्ड विद्यापीठात १९२२ ते १९३७ या काळात हेच पद भूषविणाऱ्या ल्यूसी डिग्ज स्लो या कृष्णवर्णीय विदुषींनीही, आपण मुलींवर पहारा ठेवणाऱ्या मेट्रन नसून स्त्रीशिक्षणाच्या तज्ज्ञ आहोत, हा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. मौज अशी की, मॅथ्यूजबाईंचा ग्रंथ निघत होता त्याच सुमारास कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये या पदासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले होते. म्हणजे एका बाजूस विद्वत्तेची अट घातली जात होती आणि दुसऱ्या बाजूस तिच्या जागी विशिष्ट प्रशिक्षणाची पदविका येत होती. पुढील पन्नास वर्षांत पदविकेने जिंकले. यात सर्वस्वी अनिष्ट काही झाले असे म्हणता येणार नाही. पूर्वी ज्यांना या कामाची वाटही दिसली नसती असे अनेक जण प्रशिक्षणामुळेच त्यात येऊ शकले.

हा व्यवसाय आपल्या मूळ हेतूपासून दूर चालला आहे, ही जाणीव त्याच्या प्रवर्तकांपैकीच एका व्यक्तीने बोलून दाखविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एस्थर लॉइड-जोन्स या १९३७ आणि १९४९ या दोन्ही निवेदनांशी संबंधित होत्या. १९५४ साली मार्गारेट रूथ स्मिथ यांच्यासह त्यांनी ‘स्टुडंट पर्सोनेल वर्क अॅज डीपर टीचिंग’ हा ग्रंथ संपादित केला. ‘अधिक खोलवरचे अध्यापन’ या शब्दांतच त्यांचा पक्ष आला आहे. विद्यार्थी म्हणजे तज्ज्ञांनी आपापसांत वाटून घ्यावयाच्या अडचणींचे गाठोडे नव्हे. वसतिगृह, संघ, समिती, भांडण, निवडणूक यांतून जे शिकता येते ते शिकविण्यासाठी अध्यापक व कार्यकर्ता यांनी एकत्र यावे, हा त्यांचा मुद्दा. संपादित ग्रंथ असल्याने त्यातील प्रकरणे सारख्या वजनाची नाहीत; काही तर त्याच विशेषज्ञांनी त्याच विशेषज्ञतेच्या भाषेत लिहिलेली वाटतात. एवढ्यावरून ग्रंथाची योग्यता कमी होत नाही. माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत विचारप्रवर्तक ग्रंथ हाच होय, आणि शिक्षणक्रमांनी त्याला आदराने बाजूस ठेवले.

त्यांनी स्वीकारले ते मानसशास्त्र. आर्थर चिकरिंग यांच्या १९६९ च्या ‘एज्युकेशन अँड आयडेंटिटी’ या ग्रंथाने महाविद्यालयीन वयातील विकासाच्या सात दिशा सांगितल्या. १९७० साली विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्याची बुद्धी ‘खरे की खोटे’ या द्वैतातून सापेक्षतेकडे व तेथून स्वतःच्या निष्ठेकडे कशी जाते, याचा आलेख मांडला. हे दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु पेरी यांचे निरीक्षण मुख्यतः हार्वर्डच्या तरुण पुरुषांवर आधारलेले होते. विकासाच्या अशा शिड्या पुरुषांच्या अनुभवावरून बांधल्या जातात, हा आक्षेप कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली कोलबर्गच्या संदर्भात जोरदारपणे मांडला. तेव्हापासून या क्षेत्रात सिद्धांतांची भर पडत आहे. माझी तक्रार सिद्धांतांविषयी नाही, ते शिकविले कसे जातात याविषयी आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती दोन वर्षांत डझनभर सिद्धांत दिले, तर आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान असलेल्या मुलास तो ऐकत नाही, तर त्याची पायरी शोधतो. समोरचा मुलगा रडत असतो आणि याचे मन सात दिशांच्या तक्त्यात गुंतलेले असते.

शिस्तीच्या बाबतीत प्रशिक्षणाचे स्वरूप न्यायालयाने बदलले. १९१३ साली गॉट विरुद्ध बेरिया कॉलेज या खटल्यात केंटकीच्या न्यायालयाने महाविद्यालय हे पालकाच्या जागी असल्याचे मान्य केले. १९६१ च्या डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षणमंडळ या निर्णयाने मात्र, सार्वजनिक महाविद्यालयातून काढून टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यास आरोपाची सूचना व म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे ठरविले. (पहिल्या खटल्याच्या मुळाशी विद्यार्थ्यांना जाण्यास बंदी केलेले एक उपाहारगृह होते, दुसऱ्याच्या मुळाशी १९६० साली माँटगोमेरीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या भोजनकक्षात बसून मागितलेली सेवा.) कायदा हा विषय शिक्षणक्रमात आला तो योग्यच झाला. तथापि जुन्या डीनचा मनमानी अधिकार गेला त्याबरोबर त्याची मुलांशी असलेली ओळखही गेली आणि तिची जागा नियमपुस्तिकेने घेतली, हेही नाकारता येत नाही.

१९६९ सालीच जेम्स पेनी यांनी हा व्यवसाय ‘मृतजात’ आहे, असा कठोर शेरा मारला; त्याच्यापाशी स्वतःचे भक्कम वाङ्मय नाही, हे त्यांच्या टीकेचे एक प्रमुख अंग होते. पेनी यांचा रोख मला थोडा चुकलेला वाटतो. या क्षेत्रात चांगले वाङ्मय होते. ते प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी नव्हते. व्यवसायाने या आरोपाला उत्तर दिले तेही पुन्हा याद्यांच्या रूपाने. १९७९ साली स्थापन झालेल्या मानकमंडळाने पुढे पदव्युत्तर शिक्षणक्रमाची मानके ठरविली व त्यांत देखरेखीखाली किमान ३०० तासांचे प्रात्यक्षिक आवश्यक मानले. दोन प्रमुख व्यावसायिक संघटनांनी २०१० साली संयुक्तपणे क्षमतांची क्षेत्रे निश्चित केली; २०१५ च्या आवृत्तीत ती दहा आहेत. अध्यापन असे स्वतंत्र क्षेत्र त्यांत नाही. ते दुसऱ्या एका क्षेत्राच्या पोटात दडलेले आहे.

वस्तुतः या शिक्षणक्रमातील खरी शाळा वर्गाबाहेरच भरते. बहुसंख्य विद्यार्थी शिकत असतानाच विद्यापीठाच्या एखाद्या विभागात साहाय्यकाचे काम करतात आणि त्या मोबदल्यात त्यांचे शुल्क माफ होते. हे काम आठवड्यास २० तासांचे धरले व वर्षाचे ३० आठवडे मोजले, तरी दोन वर्षांत १२०० तास होतात. मानकातील किमान प्रात्यक्षिकाच्या हे चौपट आहे. मध्यरात्री वसतिगृहात दारूच्या नशेत पडलेला मुलगा, आत्महत्येची भाषा करणारी मुलगी, खोलीवरून झालेली मारामारी, यांतून तो जे शिकतो ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. येथेच खरी अडचण आहे. हा तरुण एकाच वेळी शिष्य असतो आणि स्वस्त मजूर असतो. विभागाला त्याच्याकडून काम हवे असते, शिकणे नव्हे. आणि त्या रात्रीविषयी दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोणी बसून बोलेल की केवळ नोंदपुस्तकात सही घेईल, हे सर्वस्वी वरच्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहते. लॉइड-जोन्स यांना अपेक्षित असलेले खोलवरचे अध्यापन घडलेच तर या संभाषणात घडते. मानके तास मोजतात. या संभाषणाची मोजदाद त्यांना करता आलेली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठांत विद्यार्थिकल्याणासाठी सल्लागार मंडळ असावे असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्यासाठी पूर्णवेळ डीन असावा अशी शिफारस केली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ व त्याचा संचालक यांची तरतूद आहे. महाविद्यालयात मात्र हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते. तो सकाळी अर्थशास्त्र शिकवितो आणि दुपारी ‘कमवा व शिका’ योजनेची हजेरी तपासतो. त्याला या कामाचे प्रशिक्षण नाही, हे खरे. परंतु मॅथ्यूजबाईंनी जी पहिली अट घातली होती ती तो आपोआप पुरी करतो, कारण तो शिकवीत असतो. उद्या आपल्या विद्यापीठांनी या कार्यासाठी पदविका काढावयाचे ठरविले, तर अमेरिकेतील विषयांची यादी तयार मिळेल व ती भाषांतरित करून घेण्याचा मोहही होईल. त्यापेक्षा अशा प्राध्यापकांनाच वर्षभर अर्धा कार्यभार माफ करून, त्यांनी हाताळलेल्या दहा-बारा प्रकरणांवर एखाद्या अनुभवी समुपदेशकासमवेत दर आठवड्यास बसविता येईल. विषयपत्रिका त्या बैठकांतून तयार व्हावी, आणि तिला एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.