नकाशा पोचला, सूची मागे राहिली

नकाशावाचन शिकवताना आपण मुलांना आरंभीच सांगतो, की शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची या चार गोष्टी नसतील तर कागदावर आहे ते केवळ चित्र. संगणकावरील नकाशा एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना यांपैकी सूची हटकून वाटेत गळते आणि तरीही पोचलेल्या वस्तूला आपण बिनदिक्कत नकाशा म्हणतो. भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे जीआयएसचे, जे प्रोग्राम आज शाळा-महाविद्यालयांत वापरले जातात, त्यांच्यातील या देवघेवीचे परीक्षण येथे करावयाचे आहे. आमचा मुख्य आक्षेप आधीच सांगून टाकतो. रूपांतर करताना काय गाळले याचा इशारा झालाच तर पाठवणाऱ्याला होतो. ज्याच्या हाती नकाशा पडतो त्याला त्याचा पत्ताही नसतो.

उदाहरणासाठी गिरणगाव घेऊ. समजा, परळच्या एखाद्या शाळेतील नववीच्या वर्गाने लालबाग, परळ आणि करी रोड या भागांचा नकाशा करायचे ठरवले. गिरण्यांच्या आवारांच्या सीमा एका महाविद्यालयात पूर्वीच आर्कमॅप या प्रोग्राममध्ये आखलेल्या आहेत. शाळेच्या संगणकावर आहे क्यूजीआयएस, जो मोफत मिळतो. पेनड्राइव्हवरून फाइली येतात, विनातक्रार उघडतात, सगळी आवारे जिथल्या तिथे दिसतात. पण सगळी एकाच रंगात, आणि तो रंगही प्रोग्रामने आपल्या मर्जीने उचललेला. मूळ नकाशात उभ्या गिरण्या जांभळ्या होत्या, पाडून मोकळी झालेली जमीन हिरवी होती, चाळी पिवळ्या होत्या. ते सगळे गेले कुठे?

ते कुठेही गेलेले नाही, कारण ते निघालेच नव्हते. या फाइली शेपफाइल पद्धतीच्या असतात. एस्री या अमेरिकन कंपनीने ही पद्धत आणली आणि जुलै १९९८ मध्ये तिचे सविस्तर तांत्रिक वर्णन प्रसिद्ध केले. ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा धरलीच पाहिजे. त्या वर्णनामुळेच कोणालाही ती वाचणारा प्रोग्राम लिहिता आला आणि नकाशांची देवघेव सर्वत्र सुरू झाली. शेपफाइल नाव एकवचनी असले तरी ती किमान तीन फाइलींची मोळी असते: एसएचपीमध्ये आकृत्या, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणी आणि डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता. यांत रंगाला, रेघेच्या जाडीला, चिन्हाला जागाच नाही. आर्कमॅप रंगसंगती एलवायआर नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवत असे. ती एस्रीच्याच प्रोग्रामना कळावी अशा बेताने लिहिलेली. शिवाय तिच्यात आकृत्या नसतात, त्या कुठे ठेवल्या आहेत याचा पत्ता तेवढा असतो. एखादा विद्यार्थी तेवढीच फाइल घेऊन शाळेत आला, तर त्याने घराची किल्ली आणली, घर आणले नाही.

याच्या उलट मॅपइन्फो या प्रोग्रामची रीत. तिथे प्रत्येक आकृती आपली रेघ आणि आपला रंग अंगावर घेऊनच हिंडते. हे सोयीचे वाटते, पण त्यात दुसरी खोच आहे. आकृतीचा रंग जांभळा आहे एवढे कळते. तो ‘गिरणी’ आहे म्हणून जांभळा आहे, हा नियम कळत नाही. क्यूजीआयएसच्या २०२१ च्या ३.२० या आवृत्तीपासून असे अंगचे रंग जसेच्या तसे दाखवता येतात. रंग आला तरी नियम आला असे होत नाही.

हा नियमाचा मुद्दा वरकरणी बारीक दिसतो. गिरणगावाच्या बाबतीत तो किती जड आहे पाहा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने, स्थूलमानाने सांगायचे तर, विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीच्या तीन वाटण्या ठरवल्या होत्या: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या अभ्यासगटाने परळच्या या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. पुढे २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीला मोकळी असलेली जमीनच तेवढी धरण्यात आली. प्रकरण न्यायालयांत गेले, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. आता एक हिशेब मुलांना घालून पाहा. गिरणीचे आवार ९ हेक्टर आहे आणि त्यातले दीड हेक्टर मोकळे आहे. जुन्या नियमाने महापालिकेच्या वाट्याला सुमारे ३ हेक्टर येतात, नव्याने सुमारे अर्धा. आवाराची एकही सीमारेषा या काळात हललेली नाही. शेपफाइल तीच, आकृत्या त्याच. बदलला तो हिरवा रंग कशाला द्यायचा याचा नियम. गिरणगावचे भांडण सूचीत होते, आणि आपली देवघेवीची रीत नेमकी तीच बाजूला टाकते.

डीबीएफ तक्त्याबद्दल मराठी माणसाला अधिक बोलावे लागेल. त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी ‘पॉप्युलेशन’ या शब्दाची अक्षरे बरोबर दहा. त्यापुढे जोडलेले १९८१ किंवा १९९१ हे वर्ष, म्हणजे ज्यासाठी दोन रकाने केले तेच, छाटले जाते. देवनागरीत स्थिती याहून बिकट. युनिकोडच्या रूढ साठवण-पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे. तेव्हा ‘लोकसंख्या’ या शब्दाला २७ बाइट हवेत, मिळतात १०, उरतो ‘लोक’. ‘इमारत’चे ‘इमा’ होते. ‘गिरणीचे नाव’ आणि ‘गिरणीचे क्षेत्र’ या दोन्हींचे ‘गिर’ होते, मग प्रोग्राम एकापुढे आकडा लावून वेळ मारून नेतो. रकान्यातल्या मजकुरासाठी सीपीजी नावाची एक चिमुकली फाइल सोबत असावी लागते. लिपी कोणत्या पद्धतीने साठवली आहे हे तिच्यात लिहिलेले असते. ती हरवली की वाचणारा प्रोग्राम अंदाज बांधतो आणि लालबागच्या जागी, डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ अक्षरांची रांग उभी राहते.

महाराष्ट्रातल्या जुन्या नकाशांची गत तर याच्याही पलीकडची. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या सुरेख, योगेश यांसारख्या फाँटांत टंकला जाई. तक्त्यात प्रत्यक्ष साठलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यांना देवनागरीचा चेहरा देई तो फाँट. फाँटाचे नाव हा शैलीचा भाग, म्हणून तो रूपांतरात मागे राहतो. अशा नकाशात शैली हरवणे म्हणजे गिरगाव, ठाकूरद्वार ही नावेच हरवणे. शैली म्हणजे वरची रंगरंगोटी, माहिती तेवढी खरी, असे समजणाऱ्या परदेशी तंत्रज्ञाला हा अनुभव क्वचितच आला असेल.

नावांची आणखी एक गळती आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या जगाच्या नकाशात एकाच ठिकाणाचे इंग्रजी नाव आणि मराठी नाव वेगवेगळ्या खुणांखाली नोंदता येते. त्यावरून जर्मनीतील जिओफॅब्रिक ही कंपनी ज्या मोफत शेपफाइली करून देते, त्यांत नावाचा रकाना एकच. मुंबईत तो बहुधा इंग्रजीने भरलेला. दादरच्या कुणी हौसेने गल्लोगल्ली मराठी नावे भरली असली, तरी शाळेच्या संगणकावर ती उतरत नाहीत.

सर्वांत घातक गोष्ट मात्र शून्याची. डीबीएफ तक्त्यात ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ यांतला भेद सांभाळण्याची पक्की सोय नाही, आणि पुष्कळदा रिकाम्या जागी शून्य लिहिले जाते. ज्या चाळीची मोजणी झाली नाही तिथे कोणी राहत नाही, असे नकाशा मग ठामपणे सांगू लागतो. छटेच्या नकाशात ती चाळ सर्वांत फिकट रंगात रंगते आणि वर्गाची सरासरीही बिघडते. गणिताच्या शिक्षकांनी या एका दोषावर एक तास खुशाल खर्च करावा.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. नकाशांची मानके ठरवणाऱ्या ओजीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये एसएलडी हे मानक आणले. उद्देश स्तुत्य: रंग, रेघा आणि त्यांचे नियम कोणत्याही एका प्रोग्रामच्या मालकीचे नसलेल्या भाषेत लिहावेत. परंतु हे मानक मुळात इंटरनेटवरून नकाशे पुरवणाऱ्या यंत्रणांसाठी घडले, आणि टेबलावरच्या प्रोग्रामची चित्रकला त्याच्या पुढे निघून गेली. क्यूजीआयएसमध्ये दोन थरांचे रंग एकमेकांत मिसळता येतात, किंवा रस्त्याच्या मूळ रेषेवरून नवी आकृती रचून रंगवता येते; एसएलडीपाशी यांसाठी शब्दच नाहीत. भाषांतरात म्हणी गळाव्यात तसे हे होते.

एककांचा घोळ वेगळाच. एस्रीचे प्रोग्राम रेघेची जाडी पॉइंटात मोजतात, क्यूजीआयएस मिलिमीटरमध्ये, एसएलडी एरवी पिक्सेलमध्ये, आणि हा पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा मानलेला आहे. १ पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलिमीटर. १:१०,००० या प्रमाणाच्या नकाशावर ती रेघ जमिनीवरची साडेतीन मीटर रुंदी झाकते. एकक सोडून नुसता १ हा आकडा पुढे गेला आणि तो मिलिमीटर म्हणून वाचला गेला, तर रेघ दहा मीटर झाकते. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी गल्लीसकट दोन्ही बाजूंच्या घरांचे ओटेही तिच्याखाली गेले!

दुसरा मार्ग क्यूजीआयएसच्या स्वतःच्या क्यूएमएल फाइलीचा. यात काहीही गळत नाही आणि ती साध्या मजकुराच्या रूपात असल्याने उघडून वाचता येते. पण ती वाचणारा प्रोग्राम व्यवहारात एकच. ओजीसीनेच २०१४ मध्ये मान्य केलेल्या जिओपॅकेजमध्ये आकृत्या आणि तक्ते एकाच फाइलीत राहतात, रकान्यांची नावे छाटली जात नाहीत, शून्य आणि रिक्त वेगळे राहतात. क्यूजीआयएस त्यातच शैलीचा तक्ताही ठेवू शकतो. तो तक्ता मूळ मानकाचा भाग नाही, म्हणून इतर प्रोग्राम त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. ऑस्ट्रेलियातील नॉर्थ रोड या कंपनीने एस्रीच्या बंद फाइलींची रचना उलगडून त्या क्यूजीआयएसमध्ये आणणारे स्लायर हे साधन लिहिले आहे. ते फार चिकाटीचे काम आहे, आणि ते कुणाला तरी बाहेरून करावे लागले ही एस्रीला शोभणारी गोष्ट नव्हे. एस्रीच्या आर्कजीआयएस प्रोमधील एलवायआरएक्स फाइल निदान वाचता येण्याजोगी तरी आहे.

जागेच्या बाबतीतही सोबतची एक फाइल हरवून चालत नाही. परळ आणि करी रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान १९ अंश उत्तर अक्षवृत्त जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत त्याच्या उत्तरेचे दादर ४७ ए/१६ मध्ये आणि दक्षिणेचे लालबाग, गिरगाव ४७ बी/१३ मध्ये येतात. ही पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेली, तर उपग्रहांची स्थाननिश्चिती डब्ल्यूजीएस ८४ वर. पीआरजे फाइल नसली आणि प्रोग्रामने चुकीचा आधार धरला, की मुंबईत सुमारे शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. ठाकूरद्वारची चाळ शेजारच्या वाडीत जाऊन बसायला तेवढे पुष्कळ झाले.

शाळांसाठी आमची पसंती आज जिओपॅकेज अधिक क्यूएमएल या जोडीला आहे. त्यांच्याबरोबर प्रत्येक रंगामागचा नियम साध्या मराठी वाक्यांत लिहिलेले एक पान ठेवावे, कारण ते उघडायला कोणताही प्रोग्राम लागत नाही. शेपफाइल घ्यावीच लागली तर एक प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. आपला नकाशा शेपफाइलीत आणि शैली एसएलडीत उतरवावी, दुसऱ्या संगणकावर उघडावी, पुन्हा मूळ रूपात आणावी आणि दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवून फरकांची यादी मुलांकडून करून घ्यावी. रेघांची जाडी आणि नावे मुले आपोआप पाहतील. त्यांना आधी सूचीतील ‘माहिती नाही’ हा चौकोन शोधायला सांगावे, आणि तो दुसऱ्या प्रतीत सापडला नाही तर त्यातल्या चाळी आता कोणत्या रंगात गेल्या आहेत ते मोजायला लावावे.