दबलेला सूर आणि मोकळा सूर

एकट्या गिटारीवर गाणारा कलावंत पुढे ड्रम्स, विजेची गिटार आणि सिंथेसायझर ह्यांच्या गजरात गाऊ लागला, की त्याचे जुने चाहते हळहळतात. साधेपणा गेला, बाजार आला, असा निवाडा ते देऊन टाकतात. अमेरिकेतील गीतकार-गायिका शॅरन व्हॅन एटन ह्यांचे अल्बम क्रमाने ऐकले असता हा निवाडा टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म न्यू जर्सीतील, १९८१ सालचा. शिक्षणासाठी त्या टेनेसी राज्यात गेल्या. तेथे ज्या पुरुषाच्या सहवासात त्या होत्या, त्याला त्यांचे गाणे खपत नसे. गाणी लपूनछपून लिहावी लागत, हे त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. अखेर त्या आईवडिलांकडे परतल्या. त्यानंतर २००९ साली 'बिकॉज आय वॉज इन लव्ह' हा त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात गिटारीच्या तारा जेमतेम छेडलेल्या आहेत आणि गळा असा लागला आहे, की जणू शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसाला जाग येता कामा नये. रसिक ह्या गायनाला नाजूक म्हणतात. ते सुंदर आहेच. परंतु आम्हांस त्या नाजूकपणात भयही ऐकू येते. आपल्या घरांतूनही हळू बोलणाऱ्या मुलीचे कौतुक होत असते. ती हळू का बोलते, ह्याची चौकशी क्वचितच होते.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'एपिक' ह्या सात गाण्यांच्या अल्बममध्ये आपल्या परिचयाची एक वस्तू भेटते : हार्मोनियम. 'लव्ह मोअर' ह्या गाण्यात पेटीचा सूर लांबत राहतो आणि त्याच्या आधाराने आवाज प्रथमच पाय पसरून बसतो. भजनातली पेटी गळ्यामागे धावते. ही धावत नाही, नुसती श्वास घेत राहते. मग २०१२ साली 'ट्रॅम्प' आला. 'द नॅशनल' ह्या वाद्यवृंदाचे ॲरन डेसनर ह्यांनी त्याची निर्मिती केली. त्यातील 'सर्पंट्स'मध्ये विजेच्या गिटारी कडाडतात आणि इतकी वर्षे गिळलेला राग उघड्यावर येतो. २०१४ च्या 'आर वी देअर'च्या निर्मितीत त्यांनी स्वतःच भाग घेतला.

नंतरच्या काळात त्या मानसशास्त्र शिकू लागल्या, अभिनय केला, माता झाल्या. आणि २०१९ साली 'रिमाइंड मी टुमॉरो' घेऊन आल्या. निर्माते होते जॉन काँगलटन. येथे गिटार मागे सरली आहे आणि 'ज्युपिटर-४' ह्या जुन्या सिंथेसायझरचा घोगरा, जाडसर स्वर पुढे आला आहे. पहिलेच गाणे ऐकावे. कोणाला तरी आपण सर्व काही सांगून टाकले, असे गायिका म्हणते. काय सांगितले ते मात्र श्रोत्यास अखेरपर्यंत कळत नाही. पूर्वी लपवणे भीतीपोटी होते, आता ते स्वेच्छेने आहे, आणि हा फरक केवळ आवाजाच्या ठेवणीतून समजतो. 'सेव्हन्टीन'मध्ये वयस्क स्त्री कोवळ्या वयातील स्वतःला हाक मारते. ड्रम्सचा ठेका चढत जातो आणि एका क्षणी गाण्याची किंकाळी होते. अशी किंकाळी एकट्या गिटारीला पेलली नसती. गाण्याला मोठे घर हवे होते, म्हणून भिंती सरकवाव्या लागल्या.

सर्वच जमले आहे असे नव्हे. 'कमबॅक किड'मध्ये ढणढणाटाखाली शब्द बुडतात. शब्दांवर जगणाऱ्या गायिकेस हे परवडत नाही. २०२२ च्या अल्बममध्ये हळू आरंभ, मग भरती, मग कल्लोळ हा क्रम इतका वारंवार येतो, की चौथ्या-पाचव्या गाण्यात लाट कोठे फुटणार हे आधीच उमगते. २०२५ चा अल्बम ह्या सवयीतून बाहेर पडला आहे. ती गाणी साथीदारांसह एकत्र वाजवीत रचली गेली, म्हणून शीर्षकात त्यांच्या नावाशेजारी 'द अटॅचमेंट थिअरी' हे वाद्यवृंदाचेही नाव आहे. लंडनमधील एका जुन्या चर्चच्या वास्तूत, जेथे आता स्टुडिओ आहे, तेथे त्याचे मुद्रण झाले. (आमच्यासारख्यास ह्या तपशिलाची गंमत वाटावी, हे साहजिकच आहे.)

ज्यांना परिचय करून घ्यावयाचा आहे, त्यांनी २००९ आणि २०१९ चे अल्बम एकाच सायंकाळी, ह्याच क्रमाने ऐकावेत. यंत्राचा आवाज मात्र दोन्हींसाठी सारखाच ठेवावा.