टेबलामागून बाकापर्यंत

शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तके बहुधा वाचवत नाहीत. उद्दिष्टे आणि तक्ते यांच्या भाराखाली त्यांतील मूल हरवून जाते. अमेरिकेतील मेन राज्यातील शिक्षिका नॅन्सी ॲटवेल यांचे ‘इन द मिडल’ हे १९८७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक यास अपवाद म्हणावे लागेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जो जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, तो २०१५ साली सर्वप्रथम मिळाला तो याच ॲटवेलबाईंना. दहा लक्ष डॉलरची ती रक्कम त्यांनी आपल्या शाळेस देऊन टाकली. अर्थात पुरस्काराने पुस्तक थोर ठरत नसते.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना इंग्रजी साहित्य आणि लेखन कसे शिकवावे, हा पुस्तकाचा विषय. त्याचा आरंभ मात्र एका कबुलीजबाबाने होतो. समुद्रकाठच्या बूथबे गावातील सार्वजनिक शाळेत बाई आपल्या मोठ्या टेबलामागे बसून विषय नेमून देत, आणि मुले तो मुकाट्याने लिहीत. एक मुलगा मात्र वर्गात नुसती चित्रे काढी व लेखन घरी करी. बाईंनी त्याला चित्रांवरून परोपरीने टोकले. ती चित्रे म्हणजेच त्याच्या लेखनाची पूर्वतयारी होती, हे त्यांना फार उशिरा कळले. स्वतःची चूक इतक्या निःसंकोचपणे पहिल्याच प्रकरणात मांडणारा शिक्षक विरळा.

पुढे ते टेबल सुटले. विषय मुलाने निवडावा, पुस्तकही त्यानेच निवडावे. तासाच्या आरंभी एखादा छोटासा पाठ, आणि उरलेला वेळ प्रत्यक्ष वाचन-लेखनासाठी. बाई खुर्ची घेऊन मुलाच्या बाकाशी जाऊन बसत आणि काम कसे चालले आहे ते विचारीत. साहित्याच्या बाबतीत त्यांची कल्पना अधिकच हृद्य आहे. घरी जेवणाच्या टेबलाभोवती आप्तमित्र पुस्तकांविषयी जसे बोलतात, तसे वर्गात का बोलू नये? म्हणून मुले वाचलेल्या पुस्तकांबद्दल बाईंना पत्रे लिहीत आणि बाई प्रत्येकास उत्तर देत. ‘कवीला काय सांगावयाचे आहे?’ या प्रश्नाचे गाईडमधील उत्तर पाठ करून मोठे झालेल्या आमच्या पिढीला याचा हेवा वाटावा!

तथापि माझ्या मते ग्रंथाचे खरे मोल १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. अकरा वर्षांत या पद्धतीचे अनुयायी पुष्कळ झाले होते, आणि पद्धतीचे सोवळेही तयार झाले होते. मुलाच्या कागदास शिक्षकाने हात लावू नये, विषय सुचवू नये इत्यादी. बाईंनी ते सोवळे स्वतःच मोडले. आपल्याला जे ठाऊक आहे ते स्वातंत्र्याच्या नावाखाली मुलांपासून राखून ठेवणे ही शिकवणुकीतील कसूरच होय, असा त्यांचा निष्कर्ष. मग त्या वर्गासमोर प्रोजेक्टरवर स्वतःची कविता लिहू लागल्या. ओळ खोडावी, पुन्हा लिहावी, का खोडली ते मोठ्याने सांगावे. सुतार शिकाऊ मुलास रंधा कसा धरावा हे धरूनच दाखवितो, तसे हे आहे.

मर्यादा सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक मूल निराळे पुस्तक वाचू लागले, की एकाच ग्रंथावर सर्वांनी मिळून वाद घालण्याचा आनंद उणावतो. बाई रोज एक कविता सर्वांसमवेत वाचीत, पण दीर्घ कादंबरीची उणीव तीवर भरून निघत नाही. दुसरे, बाईंनी १९९० साली एजकॉम्ब येथे स्वतःची लहानशी खाजगी शाळा काढली. पुरस्कारानंतर एका मुलाखतीत, परीक्षांनी जखडलेल्या सार्वजनिक शाळांत जाण्याचा सल्ला आपण आज तरुणांस देणार नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या. हे मनाला लागते. जी पद्धती सार्वजनिक शाळेत जन्मली, तिच्या जननीनेच त्या शाळांची आशा सोडावी काय? साठ मुलांच्या वर्गातील शिक्षिकेने साठ पत्रांना उत्तरे कधी लिहावीत, याचेही उत्तर या पुस्तकात मिळणार नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरची. बूथबेच्या बहुतेक मुलांची घरची भाषा आणि लेखनाची भाषा एकच होती. वसईतील आपली मुले आजीशी सामवेदीत किंवा वाडवळीत बोलतात आणि शाळेत निबंध इंग्रजीत लिहितात. ‘अनुभवातून लिही’ असे त्यांना सांगावे, तर अनुभव एका भाषेतला आणि शब्द दुसऱ्या. मग ती ‘अ रेनी डे’ पाठ करून मोकळी होतात. त्यात वाफ्यात तुंबलेले पाणी नसते, की केळीच्या पानाखाली धावत आलेली मावशी नसते. या अडचणीचा विचार ॲटवेलबाईंनी केलेला नाही. तो त्यांच्या वाट्याचा नव्हताही. पण कच्चा खर्डा घरच्या बोलीत लिहू देण्यास त्यांच्या पद्धतीत आडकाठी अशी काहीच नाही. आपल्या एखाद्या शिक्षिकेने हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

पुस्तक जाडजूड आहे. २०१५ ची तिसरी आवृत्तीही आहे. वाचणाऱ्याने आरंभ दुसरीपासून करावा आणि पहिली मागाहून उघडावी. बाईंनी काय काय खोडले, ते ताडून पाहता येते.