‘जिवाणू खत’ : एका संज्ञेची चिकित्सा

फळांची साले व चोथा आणि मातीतील उपकारक जिवाणू यांच्या योगे औषधी वनस्पतींचे पीक कसे सुधारावे, ह्याविषयीच्या मराठी लेखनात ‘जिवाणू खत’ ही संज्ञा सर्रास आढळते. ती रुळली आहे, हे मान्य. परंतु ती वस्तूचे स्वरूप झाकते, असा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

खत आपण घालतो, टाकतो, पसरतो. ते स्वतःच पिकाचे अन्न होते, अशी समजूत त्या शब्दाबरोबर येते. १९०१ मध्ये बायरिंक यांनी वर्णिलेला ॲझोटोबॅक्टर हा असे अन्न नव्हे. तो हवेतील नत्र स्थिर करतो. अन्य काही जिवाणू मातीत अडकलेला स्फुरद विरघळवितात. त्यासाठी त्यांना जिवंत राहावे लागते व खावेही लागते. ‘खत’ समजून पाकीट उन्हात ठेवले किंवा रासायनिक खतात कालविले, तर जिवाणू मरतात आणि शेतकऱ्याचे पैसे वाया जातात.

सालींनाही ‘खत’ म्हणण्यात हाच घोटाळा आहे. ताज्या सालीत कर्ब पुष्कळ, नत्र थोडा. ती तशीच पुरली, तर कुजविणारे जीव मातीतलाच नत्र ओढून घेतात व रोप पिवळे पडते. संत्र्याच्या सालीतील तेल तर अनेक जिवाणूंना बाधकच असते. म्हणून साल आधी नीट कुजविणे अवश्य.

वस्तुतः ह्या व्यवहाराला साजेसा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे : विरजण. ते थोडेसेच लावतात, ते जिवंत असावे लागते, आणि दुधावाचून त्याचा उपयोग नाही. जिवाणू हे विरजण आणि कुजविलेली साल हे दूध, असे म्हटले की दोहोंचा संबंध उलगडतो. शास्त्रीय लेखनात ‘जिवाणू संवर्धक’ ही संज्ञा म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

‘पीक सुधारले’ हे विधानही असेच संदिग्ध आहे. अश्वगंधेचे मोल मुळीच्या वजनाप्रमाणेच तीतील विथॅनोलाइड द्रव्यांवर ठरते. तुळशीचे पानांतील तेलावर. रोप वाढले म्हणजे औषध वाढले, असे नव्हे. उत्पन्न आणि द्रव्यांश ही दोन मापे वेगळीच नोंदविली पाहिजेत.

संज्ञा चुकली की प्रयोगाची मांडणीही चुकते. दोन्ही वस्तू ‘खत’ ठरल्या, तर ‘खतासह’ व ‘खताविना’ एवढेच दोन वाफे उरतात. वास्तविक वाफे चार हवेत : काहीही न घातलेला, केवळ सालीचा, केवळ जिवाणूंचा आणि दोहोंचा. त्यावाचून श्रेय कोणाचे, हे सांगता येणार नाही.